आंटीच्या ड्रेसची पाठ

जुना कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. सुलट बाजू बघून ‘अय्या, किती सुंदर!’ म्हणणारी माणसं जगात भरपूर आहेत, त्यात माझी भर कशाला? उलट बाजूला खरं काय ते दिसतं. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, किती सोडलीय, कुणी उसवून पुन्हा शिवलंय, घाम कुठे जिरलाय, उंदराने कुठे दात लावलेत. पुण्यात एका संग्रहालयात मी काही वर्षं हेच काम करत होते. अंगरखे, शेले, बाळाची कुंची असं कायकाय टेबलावर यायचं आणि त्याची अवस्था मी तपासायची. मग नवऱ्याला सिंगापुरात नोकरी लागली, मी डिपेंडंट पासवर त्याच्यामागून आले, आणि बेडोकच्या चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तपासायला उरली ती नवऱ्याच्या शर्टांची तुटकी बटणं. तो सकाळी तुआसला जायचा, म्हणजे बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला, आणि थेट जेवायच्या वेळी उगवायचा. दिवसभर घरात मी आणि सासूबाई.

सासूबाई तेव्हा काही महिन्यांसाठी आल्या होत्या. सासऱ्यांना विमान मानवत नाही, म्हणून एकट्याच. त्यांना सिंगापुरातली एकच गोष्ट मनापासून आवडली होती, ती म्हणजे कपडे वाळत घालायची तऱ्हा. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचायला नळ्या बसवलेल्या होत्या. शर्टाच्या एका बाहीतून बांबू घालायचा, दुसऱ्या बाहीतून काढायचा, आणि तो बांबू खिडकीबाहेर नळीत खोचून द्यायचा. शर्ट हात पसरून हवेत. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या, दुसऱ्या दिवशी शिकल्या, आणि आठवड्याभरात मलाच शिकवायला लागल्या. “चिमटा नको, सुरकुती नको. आपल्याकडे कुणाला कसं सुचलं नाही गं हे?” 

आमच्याच मजल्यावर दोन दारं सोडून आंटी राहायची. युरेशियन बाई. पूर्वजांत कुणी पोर्तुगीज, कुणी इंग्रज, कुणी मलाक्काचं. घरात इंग्रजी, तीही वाक्याच्या शेवटी इथला ‘ला’ जोडलेली, भिंतीवर येशू, आणि जेवणात आपल्यालाही ठसका लागेल एवढी मिरची. सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, सोबतीला एक इंडोनेशियन बाई. इंग्रजीत अहो-अगं नसल्यामुळे आमचं फार लवकर जमलं. सासूबाईंचं तर त्याहून लवकर. या मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत बोलायची, एकीचं दुसरीला अवाक्षर कळायचं नाही, आणि कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून दोघींचे तासन्‌तास रंगायचे. मी मध्ये भाषांतर करायला गेले तर दोघींनाही आवडायचं नाही.

एकदा मी दारात बसून सासूबाईंची शाल रफू करत होते. आंटी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला जुनं कापड कळतं. ये, तुला एक दाखवते.”

तिच्या हॉलच्या भिंतीवर ओळीने नवरीच्या वेशातल्या बायकांचे फोटो होते. मी ते पूर्वीही पाहिले होते, पण त्या सगळ्या एकच ड्रेस घालून उभ्या आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यात जुना फोटो तिच्या पणजीचा, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. मग आजी, आई, मावश्या, धाकटी बहीण. घरातली प्रत्येक मुलगी लग्नाच्या दिवशी तोच ड्रेस घालून, त्याच कोनात उभी. आंटीचा फोटो नव्हता.

“मी लग्न केलं नाही ना,” ती म्हणाली. “आमच्यात नियम होता, नवरीनेच घालायचा. मी प्रत्येकीची बटणं लावली. बहिणीची लावली, मावसबहिणींची लावली. माझ्या अंगाला तो कधी लागला नाही. आता बहीण गेली. तिच्या मुली पर्थला, त्यांना नकोय तो, वास येतो म्हणतात. आता नाही म्हणायला कोण उरलंय ला? मला एकदा घालायचाय. उभं राहून, आरशासमोर.”

मी म्हटलं, “मग घाल की, त्यात काय?”

तिने गाउन पोटावर ताणून दाखवला. तिचं लिव्हर कामातून गेलं होतं. पोटात पाणी व्हायचं, हॉस्पिटलमध्ये काढायचे, पुन्हा भरायचं. हात-पाय काडीसारखे आणि पोट नऊ महिन्यांच्या बाईचं. “हे दर आठवड्याला वाढतंय,” ती म्हणाली, “आणि मी दर आठवड्याला कमी होतेय. तू बघ काय करता येतं ते.”

ड्रेस आमच्या घरी आला. मी जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरली, हात धुतले, बांगड्या काढल्या, मंगळसूत्र गळ्यात आत सारलं.

“अहेवपणी बांगड्या कसल्या काढतेस!” सासूबाई कडाडल्या.

“आई, अडकतात त्या. या कापडाला नखसुद्धा पेलणार नाही.”

“हो का? एवढं काय ते नाजूक!” असं म्हणत त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिल्या.

हस्तिदंती रंगाचं जाड रेशीम. कमरेला जोडच नाही, खांद्यापासून जमिनीपर्यंत लांब लांब पट्ट्या कापून एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे खालच्या सगळ्या घेराचं वजन खांद्यांवर. पुढे गळ्यापासून ओटीपोटाच्या खालपर्यंत कापडाने मढवलेली बारीक बटणं. मी तो हळूहळू उलटा केला. आत सुती अस्तर. रेशमाची प्रत्येक पट्टी आधी अस्तराच्या पट्टीवर टाचून घेतली होती आणि मग दोन्ही एकदम शिवल्या होत्या, म्हणजे खरा भार पेलणारं ते साधं सुती कापड. शिवणींवर देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या, अंग ताठ ठेवायला. लांब शिवणी मशीनच्या, बाकी सगळं हाताचं, आणि काय हात! काजं बघून माझा मलाच राग आला, आपल्याला असं जन्मात जमणार नाही म्हणून.

आणि पाठ. आपल्या ब्लाउजला जेवढी पाठ असते, त्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्या काळात बायकांनी हात अंगाजवळ ठेवायचे, डौलात उभं राहायचं, बस्स. बाही जिथे खांद्याला जोडतात तो मुंढा इतका मागे ढकललेला, की हात आडवे पसरणं शक्यच नाही. पसरले तर पाठ फाटणार. मी हे आंटीला दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणून सगळ्या फोटोत अशा उभ्या आहेत होय! मला वाटायचं लाजतायत.”

मायेची तर गंमतच होती. शिवणीच्या बाजूला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दिसत होत्या. एक ओळ आत, एक बाहेर, पुन्हा आत. कुणीतरी सैल केलेला, कुणीतरी घट्ट केलेला. आंटी चष्मा लावून टेबलाशी बसली आणि ओळींवर बोट फिरवत सांगायला लागली. ही मावशी, ती जाडी होती. ही आई, काडी नुसती. आणि ही सगळ्यात बाहेरची? आंटीने आवाज खाली आणला. “मावसबहीण. लग्नात तिसरा महिना होता तिला. बोलायचं नाही ला.” सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं तर त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. तिघी हसलो. एवढंच हसलो त्या सगळ्या प्रकरणात.

कारण त्या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की माया संपली होती. प्रत्येकीने आपापल्या वाटची घेऊन टाकली होती आणि आंटीसाठी काकणभरही शिल्लक नव्हती. त्यात रेशीमही आजारी. त्या काळात रेशीम जड लागावं म्हणून त्याला धातूंचे क्षार पाजायचे. तेव्हा भारी वाटायचं, आणि मग शंभर वर्षं ते क्षार आतून धागा खात बसायचे. घड्यांवर उभ्या चिरा पडल्या होत्या. सुई टोचली की भोकातून नवी चीर निघायची. मी टेप लावून आंटीचं पोट मोजलं, बटणपट्टी मोजली, आणि पुन्हा मोजली. दोन्हींमध्ये माझी वीत मावत होती.

“पाठ काप,” आंटी म्हणाली. “मध्ये एक तुकडा घाल. मागचं कोण बघतंय?”

“कापणार नाही.”

“अगं माझा ड्रेस आहे!”

“असेल. सव्वाशे वर्षं कुणी त्याला कात्री लावली नाही, मीही लावणार नाही. दुसरं काहीतरी शोधते.”

ती चिडली. मीही चिडले. आजही मला वाटतं की माझं बरोबर होतं. कात्री लागली की परतीचा रस्ता नाही, हे माझ्या हाडात मुरलंय. पण दुसरं काही म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं? रोज ड्रेस उघडायचा, रोज बघायचा, आणि रोज एक नवी चीर सापडायची. पलीकडच्या घरात आंटीचं पोट वाढत होतं. मला झोपेत बटणं दिसायला लागली. ड्रेसला पेटीतल्या दमट हवेचा, बुरशीचा वास मारत होता, तोही जाता जाईना. सिंगापूरची हवा कशालाच वाळू देत नाही. मी घरभर चिडचिड करत हिंडायचे, हा वास, हा वास करत. नवरा म्हणाला, “तू एवढी कशाला जीवाला लावून घेतेस? म्हातारीची एक हौस आहे.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. हौस म्हणे! ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची बटणं लावली तिला मरायच्या आधी एकदा स्वतःची लावायची आहेत, त्याला हौस म्हणायचं?

मग आंटीला पुन्हा हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी भेटायला गेले तर डॉक्टरांनी तिला सांगून टाकलेलं होतं. आता पाणी काढण्यात अर्थ नाही, घरी जा. परवा सोडणार होते. ती उशीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“मेल्यावर घालतील कुणीतरी,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “मेलेल्या माणसाचे कपडे मागून फाडतात आणि वरून नुसते पसरतात, मला माहितेय. आईला मीच घातले. तसं नकोय मला. मला दिसायला हवा तो.”

 मी म्हटलं, “पाठीची शिवण उसवते मी. कापायची नाही, एकेक टाका उसवायचा, खाली आधाराला कापड लावायचं. दोन दिवस हातात आहेत. परवा तू घालणार. शब्द देते.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “बटणं लागतील?”

“सगळी लागतील.”

बसमधून उतरले तेव्हा दुपारचं टळटळीत ऊन होतं. डोक्यात सगळी आखणी झाली होती. कुठून उसवायला सुरुवात करायची, कुठला धागा, कुठली सुई. कार पार्कमधून आमच्या बिल्डिंगकडे वळले आणि सवयीने वर पाहिलं, आणि चौथ्या मजल्यावर आंटीचा ड्रेस हवेत उभा होता. दोन्ही बाह्यांतून बांबू. दोन्ही हात आडवे पसरलेले. खालचा सगळा घेर वाऱ्यावर हलत होता.

 मी लिफ्टसाठी थांबलेच नाही. चार जिने कशी चढले ते आठवत नाही, दार उघडं होतं की मी उघडलं तेही नाही. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, “अगं, आत्ता… आत्ता आवाज आला काहीतरी.”

मी त्यांना बाजूला सारून बांबू आत ओढला. पाठ गळ्यापासून कमरेपर्यंत उभी फाटली होती. शिवण उसवली असती तर मी देवाला साखर ठेवली असती. शिवण शाबूत होती, तिच्या शेजारचं रेशीम फाटलं होतं, चिंध्या चिंध्या होऊन, आणि खालचं अस्तरही. एक बाही मुंढ्यापासून निघून नुसत्या अस्तरावर लोंबत होती. दुसरी अर्धी. आणि वास? वास तसाच होता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा नसता उद्योग करायला? हात लावू नका म्हटलं होतं ना? मारलंत तुम्ही तिला! परवा येतेय ती, काय दाखवू मी? या चिंध्या?” आयुष्यात सासूबाईंशी चढ्या आवाजात न बोललेली मी, त्या दिवशी कॉरिडॉरपर्यंत ऐकू जाईल अशी किंचाळत होते.

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “वास मारत होता गं,” एवढंच म्हणाल्या. “तूच रोज म्हणायचीस. आजारी माणूस, पहिल्यांदाच हा कपडा घालणार, आणि नाकाशी बुरशीचा वास. पेटीतल्या शालूंना आम्ही वर्षातून एकदा ऊन दाखवायचोच. म्हटलं, घटकाभर दाखवावं. हात लावू नका म्हणालीस, तेही लक्षात होतं. साबणाने स्वच्छ धुतले मी हात.”

ओट्यावर माझी नजर गेली. त्यांच्या पाटल्या आणि हिरव्या बांगड्या तिथे एका वाटीत काढून ठेवलेल्या होत्या.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले. सासूबाईंवरचा राग, त्या बांगड्या, आंटीला दिलेला शब्द, सगळं एकदम वर आलं. बाहेर आले तर टेबलावर चादर अंथरलेली होती आणि त्यावर ड्रेस तसाच, पालथा. सासूबाई खोलीत दार लावून बसल्या होत्या.

पुन्हा तपासायला बसले. करणार काय? पुढचा भाग जसाच्या तसा होता. बटणं, काजं, गळा, सगळं जागेवर. घेर बरा होता. पाठ गेली होती. फाटीच्या दोन कडा मी जवळ आणून पाहिल्या. बोटाच्या स्पर्शाने रेशीम कुरकुरत होतं आणि पूड होऊन चादरीवर पडत होतं. त्याला टाका घालणं म्हणजे आणखी फाडणं. मागून जाळी लावून एकेक धागा बसवायचा म्हटला तर महिने लागले असते, आणि मला मिळालेले दोन दिवस. किती वेळा वाटलं, आंटीला जाऊन सांगावं की झालं, संपलं, तुझ्या नशिबात नव्हतं. पाय उचलेना. मी कडा उलटसुलट करत बसून राहिले, आणि केव्हातरी टेपने ते मधलं अंतर मोजलं. कडा सोडून दिल्या की मध्ये माझी वीत मावत होती. मी टेप खाली ठेवला. पुढची बटणं लागणार होती.

सकाळी सासूबाई बाहेर आल्या. रात्री जेवल्या नव्हत्या, चहाही घेतला नव्हता. हातात त्यांचं एक जुनं सुती पातळ होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. माझ्या नवऱ्याची दुपटी असल्याच पातळांतून निघाली होती, हे त्या मला नेहमी ऐकवायच्या. हे एक त्यांनी नातवंडासाठी म्हणून जपलेलं होतं, जे आमच्याकडे झालं नाही.

“हे घे,” त्या म्हणाल्या. “याला लाव. हे टोचणार नाही आणि ओढलं तरी फाटणार नाही.”

“आई, हे तुम्ही…”

“असू दे. कात्री आण.”

त्यांनी स्वतः कापलं. माझ्याकडे कात्री दिली नाही.

दिवसभर दोघी बसलो.  पातळाच्या रुंद पट्ट्या करून मी पाठीच्या दोन्ही बाजूंना शिवल्या, रेशमाला न शिवता फक्त अस्तराला, जिथे अस्तर अजून जीव धरून होतं तिथे. त्याच पट्ट्या खांद्यांवरून पुढे आणल्या, म्हणजे घेराचं वजन त्यांच्यावर यावं. बाह्या वेगळ्या केल्या आणि आत पातळाचं अस्तर लावलं. सासूबाई सुईत दोरा ओवून देत होत्या. त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी ओवत होत्या.

पट्ट्या मागे बांधून बघितल्या तिथे पुन्हा घोडं अडलं. गाठ मारली की ताण एकाच जागी यायचा आणि अस्तर चरचरायला लागायचं. सैल मारली की सगळा ड्रेस पुढून खाली उतरायचा. मी उशी घालून बघितलं, टाचण्या लावून बघितलं. काही म्हणता काही जमेना. मी डोकं धरून बसले.

“गाठ कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “मी धरते.”

“किती वेळ धराल?”

“धरेन.”

आंटी घरी आली ती स्ट्रेचरवरून. चेहरा हळदीसारखा पिवळा, बोलताना धाप. मी तिला खरं सांगितलं. पाठ फाटलीय, कशी फाटली, सगळं. सासूबाई माझ्यामागे दारात उभ्या होत्या, मान खाली घालून. त्यांना शब्द कळत नव्हते, पण काय सांगतेय ते कळत होतं.

 आंटीने सासूबाईंकडे बघून हात पुढे केला. सासूबाई जवळ गेल्या. आंटी म्हणाली, “मी हिला सांगितलं होतं पाठ काप म्हणून. हिने ऐकलं नाही. तू ऐकलंस ला.” मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी आंटीचे पाय दाबायला सुरुवात केली.

चादरीची चार टोकं धरून आम्ही ड्रेस आणला. आंटीला पलंगाच्या कडेला बसवलं. आधी बाह्या, एकेक, त्या काडीसारख्या हातांवर. मग पुढून ड्रेस. इंडोनेशियन बाईने तिला काखेत धरून उभं केलं आणि मी गुडघ्यांवर बसून खालून बटणं लावायला घेतली. मग पोटावर आले. पहिलं लागलं. दुसरं लागलं. मागे सासूबाईंनी पातळाची दोन्ही टोकं मुठीत धरली होती. आंटी श्वास घ्यायची तसा त्या ताण सैल करायच्या, श्वास सोडायची तसा पुन्हा ओढून घ्यायच्या. मी वर बघितलं तर सासूबाईंचाही श्वास तिच्याच तालात चालला होता.

शेवटचं गळ्याचं बटण राहिलं. आंटीने माझा हात बाजूला केला. “हे मी,” ती म्हणाली. तिची बोटं सुजली होती, काज सापडत नव्हतं. आम्ही थांबलो. तिने लावलं.

मग आम्ही तिला कपाटाच्या आरशासमोर वळवलं. एकेक पाऊल, चौघी एकदम. भिंतीवरच्या सगळ्या नवऱ्या ज्या कोनात उभ्या होत्या, त्या कोनात ती उभी राहिली. इंडोनेशियन बाईने एका हाताने तिचा दंड धरून दुसऱ्या हाताने फोनवर फोटो काढला. सासूबाई आंटीच्या पाठीमागे पूर्ण लपल्या होत्या. आरशात त्यांचं काहीच दिसत नव्हतं.

 आंटीचे हात अंगाजवळ, मान ताठ. नुसती बघत होती. मी घेर तोलून धरला होता. मागून सासूबाईंच्या हातांची थरथर आता कापडातून मला जाणवत होती.

“अगं,” त्या पाठीमागून हळूच म्हणाल्या, “सोडू का?”

“काय म्हणतेय ती?” आंटीने विचारलं. नजर आरशावरच.

“विचारतायत, सोडू का.”

“तिला सांग,” आंटी म्हणाली, “मी सांगेन तेव्हा.”

मी सांगितलं. सासूबाईंनी मुठी पुन्हा आवळल्या. आम्ही तशाच उभ्या राहिलो, आणि आंटी काही सांगेना.